भावी, माजी आणि शेवटचा आशीर्वाद

आमच्या घरात एक अख्खं कपाट पांढऱ्या टोप्या आणि टॉवेलांनी भरलेलं आहे. मी टोपी घालत नाही, आणि एवढे टॉवेल वापरायचे तर मला आणखी चार अंगं लागतील. पण गेली वीसेक वर्षं शहापूर-मुरबाडकडच्या लग्नांत मी माईक धरतो, आणि इकडं माईकवाल्याचा सत्कार टोपी, टॉवेल आणि नारळ देऊन होतो. नारळ बायको घेते, बाकीचं कपाटात जातं. पोटासाठी एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माईक ही निव्वळ हौस, आणि खरं सांगायचं तर थोडा माज.

माईकवाल्याला माज का असतो, ते सांगतो. आमच्याकडं लग्न लागण्याआधी आशीर्वाद होतात. आशीर्वाद म्हणजे थोरांच्या पाया पडणं नव्हे. आशीर्वाद म्हणजे भाषणं. मुहूर्त बारा पस्तीसचा असला की अकरापासून मी एकेकाला पुकारायला लागतो. तो स्टेजवर येतो, नवऱ्यामुलाचं नाव चुकवतो, स्वतःचं बरोबर घेतो, आणि दोन मिनिटं म्हणून आठ मिनिटं बोलतो. ज्यांना बोलायला मिळत नाही त्यांच्या चिठ्ठ्या येतात. मग मी वाचतो, "अमुक अमुक यांचेही शुभाशीर्वाद." एकदा चिठ्ठीत ज्याचं नाव होतं तो माणूस महिन्यापूर्वी वारलेला होता. मी ठासून वाचलं. घरच्यांना फार बरं वाटलं.

या सगळ्यात जीव असतो तो क्रमाचा. सुरुवातीला बोलतो तो भरतीचा माणूस, कारण तेव्हा मांडवात फक्त खुर्च्या बसलेल्या असतात. मधे बोलतात ते सोसायटीचे चेअरमन, पोलीस पाटील, मुलाकडचे मामा. आणि शेवटी बोलतो तो सगळ्यांत मोठा. त्याच्यानंतर फक्त भटजी. क्रम ठरवणारा मी. आता सांगा, माज येणार नाही?

आमच्या नगरपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा शेजारच्या प्रभागात दोन उमेदवार जोरात होते. नावं घेत नाही, घ्यायची गरजही नाही, कारण गावात त्यांना नावानं कोणी ओळखत नव्हतं. एक होते भावी. मुरूम-खडीचा धंदा, चार डंपर, गळ्यात बोटाएवढी साखळी. दर वाढदिवसाला त्यांचा 'भावी नगरसेवक' असा बॅनर लागायचा. इतकी वर्षं लागला की त्यांचं लग्न झालं, मुलं झाली, डोक्यावरचे केस गेले, पण बॅनरवरचा फोटो तोच आणि 'भावी'ही तेच. दुसरे होते माजी. हे मागच्या वेळी निवडून आले, मग मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक आला आणि नगरसेवक माजी झाले. त्यांची बायकोसुद्धा फोनवर "माजी घरात नाहीत" असं सांगायची. एक भविष्यात, एक भूतकाळात. वर्तमानात त्या प्रभागाचं गटार कुणाचीही परवानगी न घेता तुंबत होतं.

त्या प्रभागात एक वरची आळी आहे. चाळीसच्या आसपास मतं, सगळी एका भावकीची. आळीचा शब्द एक. आणि आळीची जुनी सवय अशी की मत द्यायला सगळ्यांनी एकत्र जायचं, आणि तेही शेवटच्या तासाला. सकाळी मत देऊन टाकलं तर दुपारी कोण विचारतो? शेवटच्या तासापर्यंत आळीला नमस्कार होतात, गाड्या येतात, चहा येतो, डंपरवाला माणूस म्हाताऱ्यांची काठी उचलून देतो. एवढं सुख सकाळी साडेसातला कोण संपवेल?

तर निवडणुकीच्या ऐन धामधुमीत या आळीत लग्न निघालं. नवरीचे वडील एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आळी त्यांना 'डायवर' म्हणते आणि त्यांच्या शब्दावर चालते. मुलगा मुरबाडकडचा, माळशेजच्या रस्त्यावरच्या वैशाखऱ्याचा.

पत्रिका छापून आली त्याच दुपारी भावी शेठ माझ्या दुकानात. पत्रिका काउंटरवर आपटली.

"भाऊ, हे बघ. प्रमुख उपस्थिती. डावीकडं त्याचं नाव, उजवीकडं माझं. आता माणूस वाचतो कुठून? डावीकडून!"

"शेठ, पण हात उजवाच मोठा."

हे त्यांना पटलं. जरा शांत झाले. मग खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसले.

"मागच्या टायमाला आळीत लग्न होतं. शेवटचा आशीर्वाद कुणाचा झाला?"

"माजींचा."

"मग आळी कुणाकडं गेली?"

"माजींकडं."

"आन् मी कितीनं पडलो?"

"दोन हातांची बोटं पुरतील शेठ."

"मग? आता तूच सांग काय समजायचं ते!"

मागच्या वेळी माजींनी आळीच्या तोंडाशी पाण्याचा हौद बांधून दिला होता, आणि शेठच्या डंपरनं रिव्हर्स घेताना आळीच्या मारुतीची भिंत पाडली होती, हे मी बोललो नाही. शेठना ते माहीत होतंच. पण भिंत पुन्हा बांधून देण्यापेक्षा भाषण करणं सोपं, आणि त्यांचा स्वतःच्या भाषणावर फार विश्वास. त्यांच्या हिशोबात मागची निवडणूक माईकनं हरवली होती, आणि ही माईकच जिंकून देणार होता.

"मला शेवटी घ्यायचं," ते म्हणाले. "माझ्यानंतर डायरेक भटजी."

"घेतो की. पण शेठ, शेवटी बोलायचं तर शेवटी यायला लागतं. तुम्ही आधीच येऊन बसलात आणि मागून दुसरं मोठं माणूस आलं, तर मला त्यांना तुमच्यानंतर घ्यावंच लागतं. माझा नाइलाज."

शेठनी डोळे बारीक केले. "म्हंजे तो आल्यावर मी यायचं."

"मी काही बोललो नाही."

दोनेक तासांनी माजी आले, कसल्याशा प्रतिज्ञापत्राच्या प्रती काढायला. मशीन चालू असताना सहज विचारल्यासारखं म्हणाले, "त्या डायवरच्या मुलीच्या लग्नात तूच ना रे माईकवर? मला आपलं शेवटी घे. मी काय दोनच शब्द बोलणार."

मी त्यांनाही तेच सांगितलं. शब्दाला शब्द. मुद्दाम केलं का? हो. आयुष्यात असा योग पुन्हा येत नाही.

लग्न सापगावच्या रस्त्यावर होतं. तिथं एका भातशेतीवर हिरवा गालिचा अंथरून त्याचं लॉन्स झालेलं आहे. वैशाखऱ्याचं वऱ्हाड एक एसटी आणि तीन टेम्पो घेऊन दहालाच हजर. माणसं पहाटेची निघालेली. निवडणूक कचेरीचा एक कॅमेरावालाही आला होता, आचारसंहिता मोडते का ते बघायला. त्यानं पहिला अर्धा तास मला टिपलं, मग बुंदीच्या पातेल्याकडं वळला आणि पुढं त्याच्या कॅमेऱ्याचं तोंड फिरलंच नाही.

आमचं स्टेज उंच होतं. मांडवाच्या कापडावरून मला बाहेरचं सगळं दिसत होतं. शहापूरच्या बाजूला वीटभट्टीआड एक पांढरी गाडी. सापगावच्या बाजूला पंक्चरच्या टपरीमागं दुसरी पांढरी गाडी. आत मांडवात पाण्याच्या जारपाशी भावींचा माणूस कानाला फोन लावून, आणि आइस्क्रीमच्या टेबलापाशी माजींचा माणूस कानाला फोन लावून. दोघांची नजर एकमेकांवर.

"आला का?" बाहेरून विचारत असणार.

"नाय आला. तुमी बसा गाडीतच."

बारा पस्तीस झाले. मी सोसायटी संपवली, पोलीस पाटील संपवले, मामा संपवले. भटजी माझ्या सदऱ्याची बाही ओढायला लागले.

"अहो, दोनला खर्डीला दुसरं लावायचंय मला. चालू करू का?"

मी डायवरकडं पाहिलं. त्यांचा चेहरा घामेजलेला. "पत्रिकेत छापलंय ना राव. दोघं आल्याबिगर कसं लावायचं? उद्या म्हनतील, डायवरनं बोलावून अपमान केला."

"फोन करा की."

"केला. दोघंबी म्हनतात, पाच मिन्टात पोचतो."

पाच मिनिटांच्या अंतरावर ते दोघं तासभर बसून होते, हे त्या दोन फोनवाल्यांखेरीज मांडवात मला एकट्याला माहीत. मी काय केलं? मी आशीर्वाद चालू ठेवले. मांडववाल्याला बोलावलं. बँडमास्तरला बोलावलं. जनरेटरवाल्याला बोलावलं, तो इतका गहिवरला की उतरताना वायरमध्ये पाय अडकून पडला. आचाऱ्याला बोलावलं. तो झारा घेऊनच आला आणि माईकमध्ये म्हणाला, "भात गार व्हायला लागलाय." माझ्या वीस वर्षांतलं सगळ्यांत मुद्द्याचं भाषण. टाळ्या पडल्या. पण लग्न लागेना.

सव्वा तास उलटला. नवरदेवाच्या बाशिंगाची फुलं मान टाकायला लागली. तेवढ्यात मुलाकडच्या बायकांतून एक ठेंगणीशी म्हातारी उठली. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरदेवाची आत्या. ती स्टेजवर चढली आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला. वीस वर्षांत असं कुणी केलेलं नाही.

"मी काय भाषनवाली नाय," ती म्हणाली. "पोरा, पोरी, सुखात ऱ्हावा. जे आले त्यांचा आशीर्वाद पोचला. जे नाय आले त्यांचा आमाला नको. भटजी, चालू करा."

एवढं बोलून तिनं माईक मला नाही, भटजींना दिला. भटजी खर्डीच्या घाईत होते. त्यांनी श्वासही न घेता मंगलाष्टक उचललं.

आता कर्णे बाहेर लावलेले. पहिल्या 'सावधान'ला वीटभट्टीपाशी गाडीचं दार उघडलं. टपरीमागंही उघडलं. आणि मग मी जे पाहिलं ते डोळे मिटले की अजून दिसतं. एका अंगानं भावी शेठ, एका हातात साखळी धरून, भाताच्या खुंटांतून उड्या मारत. दुसऱ्या अंगानं माजी, धोतराचा सोगा वर खोचून. दोघं मांडवाच्या दोन दारांतून एकाच क्षणी आत शिरले, एकाच परातीत हात घातला आणि एकाच वेळी अक्षता उधळल्या. डायवरकडच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. पुढं नवरी हार घालतेय, मागं दोन उमेदवार नाकाला नाक लावून एकमेकांच्या तोंडावर तांदूळ मारताहेत.

लग्न लागलं. शेठ धापा टाकत माझ्याकडं आले. "आता दे माईक."

"शेठ, आशीर्वाद संपले. आता फक्त जेवणाची सूचना."

"तीच देतो!" आणि त्यांनी माईक हिसकावला. "सर्वांना विनंती, सर्वांनी जेवून जायचं आहे."

खाली उतरतात न उतरतात तोच माजी चढले. "सर्वांनी पोटभर जेवून जायचं आहे."

शेठ परत वर. "सर्वांनी पोटभर, सावकाश जेवून जायचं आहे."

माजी परत. "पोटभर, सावकाश, आणि लहान मुलांना आधी वाढायचं आहे."

"आणि म्हाताऱ्यांना!"

"आणि ज्यांना साखर आहे त्यांनी बुंदी जपून घ्यायची आहे!"

असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. मघाशी पडलेल्या जनरेटरवाल्यानं शेवटी बटण बंद केलं. दोघांच्याही हातात काही लागलं नाही. वैशाखऱ्याची माणसं मात्र ताटं हातात धरून उभी, कारण वाढपीसुद्धा काम टाकून ऐकत बसले होते. आत्या खांबाला टेकून सगळं पाहत होती. तिची नजर मला तेव्हाच जरा खटकली होती, पण मी हसण्यात दंग होतो.

संध्याकाळी निरोपाच्या वेळी शेठनी डायवरना बाजूला घेतलं. "मग डायवर, आळीचं काय?"

"आळीचं अजून ठरलं नाय शेठ," डायवर म्हणाले. "ठरल त्या दिशी."

आता बघा. आमच्याकडं लग्नानंतर पाचव्या दिवशी पाचपरतावन असतं. माहेरची माणसं मुलीच्या सासरी जातात, जेवतात, आणि नव्या जोडप्याला माहेरी घेऊन येतात. आणि पाचवा दिवस नेमका मतदानाचा निघाला. दुसऱ्या कुठल्या गावानं मुलीकडं जाणं एक दिवस पुढं ढकललं असतं, किंवा सकाळी मत टाकून निघालं असतं. वरच्या आळीनं यातलं काहीच केलं नाही.

मतदानाच्या सकाळी आळीच्या तोंडाशी दोन टेम्पो आणि तीन जीप उभ्या होत्या. मीही निघालो होतो. पाचपरतावनात माईक नसतो, पण कोंबडी असते. माझा प्रभाग वेगळा, मी साडेसातलाच बोटाला शाई लावून आलो होतो. शेठ जीपच्या दाराला धरून अक्षरशः लोंबकळत होते.

"डायवर, पाया पडतो तुमच्या. आधी बटन दाबा, मग जावा!"

"शेठ, आळी कदी सकाळी गेलीय का मताला? दोनला निघतो, चारला हितं. मंग सगळी मिळून जाऊ."

"पन ठरलंय ना? माझंच ना?"

डायवर गोड हसले. "परतताना गाडीत ठरवू."

दोन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या सोडल्या तर अख्खी आळी गाड्यांत बसली आणि किन्हवली, सरळगाव करत माळशेजच्या रस्त्याला लागली. त्यांच्या मागं शेठ आळीत उभे राहिले, एकटे, टाचा उंचावून.

वैशाखऱ्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पाणी आलं, चहा आला, पान आलं. बारा वाजले. एक वाजला. जेवणाचा पत्ता नाही. मी मागल्या दारी डोकावलो, तर ज्या कोंबड्या ताटात यायच्या होत्या त्या अंगणात फिरत होत्या, आणि दोन पुरुष त्यांच्यामागं असे सावकाश चालत होते, जणू त्यांनाच आधी विचारायचं आहे.

डायवरांची चुळबुळ सुरू झाली. "विहीणबाई, जरा लवकर झालं असतं तर... आमाला मत टाकायला जायचंय."

आत्या चुलीसमोर फुंकणी घेऊन बसली होती. "मत काय पळून जातंय का? कोंबडी पळतेय, ती आदी धरू दे."

"नाय, पन साडेपाचला बंद करतात."

"बसा ना ओ. घाई कसली? त्या दिशी आमी सव्वा तास बसलो, उपाशी पोरं घेऊन. आमी काय बोललो का?"

डायवरांनी आणि अख्ख्या आळीनं माझ्याकडं असं पाहिलं की मला तंबाखू खाण्यासाठी बाहेर जावं लागलं. मी तंबाखू खात नाही.

तिथं फोनला रेंज नव्हती. शहापुरात शेठनी किती फोन केले असतील देव जाणे. दोन वाजले तरी आळी निघाल्याचा निरोप नाही म्हटल्यावर ते थेट गाडी घेऊन निघाले आणि साडेतीनच्या पुढं धुरळा उडवत अंगणात येऊन थांबले. कपाळाला गुलाल नव्हता एवढंच, बाकी मिरवणुकीतून पळून आल्यासारखे दिसत होते. नेमकी तेव्हाच पंगत बसली होती. पानात रस्सा पडला होता, तांदळाच्या भाकऱ्यांच्या चळती फिरत होत्या.

"उठा! उठा सगळे! आत्ता निघालो तर पोचतो!"

आत्या पदर खोचत पुढं आली. "कोन तुमी?"

"मी... त्या दिवशी लग्नात... प्रमुख उपस्थिती..."

"हां हां, ते उड्या मारत आलेले. बसा, जेवा. सोयऱ्याच्या दारातून कोन भुका गेला तर आमचं नाव जातं."

शेठनी आळीकडं पाहिलं. चाळीस माणसं भाकरी मोडत होती आणि कुणाचीही उठायची इच्छा नव्हती. भुकेल्या मतदाराला पानावरून उठवणारा उमेदवार अजून जन्माला यायचाय. शेठ खाली बसले. रस्सा इतका झणझणीत होता की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, का दुसऱ्या कशानं आलं, मी विचारलं नाही.

चारच्या सुमारास हात धुऊन झाले. हिशोब सोपा होता. तिथून शहापूर दीड तास. त्या क्षणी गाडीत बसलं तर केंद्राचं दार बंद होता होता तरी रांगेत नंबर लागला असता. शेठ चपलेत पाय घालत होते, आणि आत्या ओसरीवर उभी राहून म्हणाली:

"शेठ, त्या दिशी तुमचा आशीर्वाद ऱ्हायला ना? आज द्या की पोरांना. आज तुमच्यानंतर कोनच बोलनार नाय."

शेठचा पाय अर्धा चपलेत तसाच राहिला. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. समोर अख्खी आळी. पोट भरलेली, पान चघळत बसलेली. एकही मत इकडंतिकडं नाही. माजी पन्नास किलोमीटर दूर. आणि आत्या म्हणतेय, तुमच्यानंतर कोणी नाही. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी मान हलवली असती, "नको शेठ, गाडीत बसा" असं म्हटलं असतं, तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि माईक नसलेल्या हातानं पुकारलं:

"यानंतर वधूवरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी मी विनंती करतो, शहापूरचे दानशूर व्यक्तिमत्त्व..."

"दोनच मिनिटं बोलतो," शेठ म्हणाले.

ते पस्तीस मिनिटं बोलले. आणि खरं सांगू का, सुंदर बोलले. नवरदेवाचं नाव बरोबर घेतलं. नवरीला बहीण म्हणाले. आळीच्या मारुतीच्या भिंतीचं त्यांनी स्वतःहून काढलं, कान धरला, 'पुढच्या महिन्यात बांधून देतो' म्हणाले. आळीनं टाळ्या वाजवल्या. डायवरांनी माझ्या कानाशी लागून सांगितलं, "ठरलं बरं का आळीचं. ह्यालाच." शेठना ते ऐकू गेलं असावं, कारण त्यानंतर ते आणखी दहा मिनिटं बोलले. मग मुलीची ओटी भरायची राहिली होती. ओटी न भरता लेक कशी निघेल? मग जावयाची टोपी सापडेना. आत्या सगळ्यांना हळदीकुंकू लावत होती, एकेकाला विचारून, "तुमी कोनाचे गो?" असं सावकाश.

किन्हवलीत आमच्या गाड्या चहाला थांबल्या तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. शेठनी चहा घेतला नाही. ते गाडीच्या बॉनेटवर बसून घड्याळाकडं पाहत होते. माझ्या लक्षात आलं की त्यांच्या बोटालाही शाई नव्हती. आळीला घेऊन, फोटोग्राफर लावून, सगळ्यांत शेवटी मत टाकायचं त्यांनी ठरवलं होतं.

मोजणीत ते पुन्हा पडले. पण या वेळी एकाच हाताची बोटं पुरली. माजी निवडून आले. गाव त्यांना अजून माजीच म्हणतं, आता सवय कोण मोडणार? आळीनं रीतसर दुःख केलं. डायवर चौकात सांगत सुटले, "आमची मतं पडली असती तर शेठ आलेच असते." आळीला एकही मत न देता आपलं वजन सिद्ध करता आलं, याचा आनंद त्यांच्या दुःखात मावत नव्हता. आणि भिंत? शेठ म्हणाले, "निवडून आलो असतो तर बांधली असती."

निकालानंतर आठवड्याभरानं ते माझ्या दुकानात आले. मी मनात माफीची चार वाक्यं जुळवून ठेवली होती. शेठ खुर्चीत बसले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं:

"भाऊ, त्या दिवशी वैशाखऱ्यात कुणी शूटिंग केलं का रे?"

"कशाचं?"

"भाषणाचं! असं भाषण माझं आयुष्यात झालं नव्हतं. ती आत्याबाई रडत होती, तू पाह्यलंस ना?"

आत्या चुलीपाशी बसून धुरानं डोळे पुसत होती. "पाहिलं की," मी म्हणालो. "पण शूटिंग नाही केलं कुणी."

शेठ फार हळहळले. निवडणूक हरल्याचं एवढं दुःख मी त्यांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "सुरुवात कशी केली होती मी, आठवतंय? थांब..." आणि उठून उभे राहिले, साखळी सारखी केली. दुकानात त्या वेळी एक मुलगी गुणपत्रिका घेऊन आणि एक शेतकरी सातबारा घेऊन थांबले होते. शेठनी त्या दोघांना हात जोडले आणि मोकळ्या आवाजात सुरू केलं.

शेतकरी पाच मिनिटं आदरानं ऐकत राहिला. मग माझ्याकडं झुकून कुजबुजला, "मतदान कधी हाय?"

"झालं," मी म्हणालो, आणि त्याचा सातबारा मशीनवर पालथा घातला.